त्रिकोणमितीतला त्रिकोण जरा बाजूला ठेवा

त्रिकोणमिती त्रिकोणापासून शिकवू नये, वर्तुळापासून शिकवावी, हे माझं जुनं म्हणणं. घरात ते इतक्यांदा बोलून झालंय की मी नुसतं "वर्तुळ" म्हटलं तरी सूनबाई ताटं उचलायला लागते. म्हणून म्हटलं, आता ब्लॉगवर लिहावं. इथूनही तुम्हाला उठून जाता येतं हे खरं, पण निदान मला ते दिसत नाही! :)

शाळा सोडून तीस-चाळीस वर्षं झालेल्यांसाठी थोडी उजळणी. नववीत एक काटकोन त्रिकोण काढतात. समोरची बाजू भागिले कर्ण म्हणजे साइन, लगतची बाजू भागिले कर्ण म्हणजे कोसाइन, समोरची भागिले लगतची म्हणजे टॅन. मग येतो ०, ३०, ४५, ६०, ९० अंशांचा तो सुप्रसिद्ध तक्ता. तो लक्षात राहावा म्हणून कुणी पंडित बद्रीप्रसादांचा मंत्र देतं, कुणी हाताची बोटं दुमडायला शिकवतं. पुढे नित्यसमानता, मग झाड, मनोरा, जहाज आणि दीपस्तंभ. दहावीचा पेपर झाला की सुटलो एकदाचे!

आता या तक्त्याकडेच नीट बघा. त्यात ९० अंशांचा साइन १ दिलेला असतो. काटकोन त्रिकोणात एक कोन आधीच ९० चा आहे. दुसराही ९० चा केला तर तिसऱ्याला उरलं काय? शून्य! म्हणजे त्रिकोणच उरला नाही. ज्या व्याख्येवर सगळा धडा उभा, ती व्याख्या तक्त्याच्या दोन्ही टोकांना लागू पडत नाही. आणि आपण पोरांना सांगतो, "ते तसंच असतं, पाठ कर."

अकरावीत तर कहरच होतो. तिथे अचानक साइन १२० विचारतात, कोसाइन २१० विचारतात, उणे ४५ सुद्धा विचारतात. आमच्या शाळेतून अकरावीला गेलेली एक मुलगी मला रस्त्यात भेटली होती. शेतकऱ्याची पोर, हिशेबाला चोख. म्हणाली, "बाई, काटकोन त्रिकोणात १२० चा कोन बसतच नाही. मग त्याची समोरची बाजू कुठली?" प्रश्न शंभर नंबरी होता. तिच्या वर्गात हाच प्रश्न विचारल्यावर तिला उत्तर मिळालं होतं, "ऑल सिल्व्हर टी कप्स." म्हणजे कुठल्या चरणात कोण धन आणि कोण ऋण हे लक्षात ठेवायचं घोषवाक्य. प्रश्न काय, उत्तर काय! भूक लागली म्हणणाऱ्याला पाककृतीच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ दाखवावं, तशातला प्रकार. त्या पोरीने पुढे गणित सोडलं. आपल्याला डोकं नाही असं तिचं मत झालं होतं. मला विचाराल तर अख्ख्या वर्गात डोकं तिनेच वापरलं होतं.

आता वर्तुळ काय म्हणतं ते बघू. एक एकक त्रिज्येचं वर्तुळ घ्या, मध्य आरंभबिंदूवर. उजव्या टोकाला, म्हणजे (१, ०) वर एक मुंगी ठेवा. ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने वर्तुळावरून चालू लागली. ती जितकी फिरली तो कोन. आडव्या अक्षापासून ती जितकी वर आहे तो साइन. उभ्या अक्षापासून जितकी उजवीकडे आहे तो कोसाइन. संपलं. व्याख्या एवढीच आहे.

शून्य अंशाला मुंगी हललेलीच नाही, म्हणून उंची ०. ९० अंशांना ती माथ्यावर, उंची १. १२० अंशांना ती माथा ओलांडून डावीकडे उतरायला लागली. उंची ६० अंशांना होती तेवढीच, पण आता ती उभ्या अक्षाच्या डावीकडे आहे म्हणून कोसाइन उणे अर्धा. २१० ला ती आडव्या अक्षाच्या खाली गेली, म्हणून साइनही उणे. उलटी चालली तर कोन उणे. एक फेरी मारून आणखी ३० अंश चालली, म्हणजे ३९० अंश, तर पुन्हा ३० च्याच जागी. चहाचे कप लागले कुठे? आणि साइनचा वर्ग अधिक कोसाइनचा वर्ग बरोबर १, ही जी नित्यसमानता मुलं वर्षभर घोकतात, ती म्हणजे मुंगी मध्यापासून कायम १ अंतरावर आहे, एवढंच पायथागोरसच्या भाषेत सांगणं.

३० अंशांचा साइन अर्धाच का? हे तर प्रत्येक मुलाने चौथी-पाचवीतच काढून ठेवलेलं असतं! कंपास तेवढाच उघडा ठेवून वर्तुळावर सहा खुणा करायच्या आणि सहा पाकळ्यांचं फूल काढायचं, हा खेळ कुणी खेळला नाही? लागोपाठच्या दोन खुणा जोडणारी जीवा त्रिज्येएवढीच असते, आणि ती मध्याशी ६० अंशांचा कोन करते. त्या जीवेला आडव्या अक्षाने मधोमध कापलं की वर ३० अंश, खाली ३० अंश. वरचा अर्धा तुकडा म्हणजे ३० अंशांचा साइन. त्रिज्या १, म्हणून तुकडा अर्धा.

गंमत अशी की साइन या शब्दाचा मूळ अर्थ हाच आहे. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, जी सारणी दिली ती अर्धज्यांची. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा कंस हे धनुष्य, त्याची दोरी ती जीवा, तिचा अर्धा भाग अर्धज्या. पुढे बोलताना "अर्ध" गळलं आणि ज्या किंवा जीवा उरलं. अरबांनी ते "जीबा" असं घेतलं. त्यांच्या लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे पुढे कुणी ते "जैब" वाचलं. जैब म्हणजे कपड्याचा घोळ, खिसा. हिंदीतला जेब तोच. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी त्याचं "सायनस" केलं, आणि तो साइन होऊन आपल्याकडे परत आला. धनुष्याची दोरी गेली आणि खिसा आला!

आणि सहावी-सातवीपासून आपण "त्रिज्या" म्हणतो, ती काय? तीन राशींची ज्या. एक रास ३० अंशांची, तीन राशी म्हणजे ९० अंश. ९० अंशांची ज्या ही वर्तुळाच्या मध्यापासून परिघापर्यंतच्या अंतराएवढी, म्हणून त्या अंतराचं नाव त्रिज्या. मघाचा तक्त्यातला प्रश्न, ९० चा साइन १ का, त्याचं उत्तर आपल्या भाषेने शब्दातच ठेवून दिलंय. मराठी माध्यमाच्या मुलाला ते फुकट मिळायला हवं. पण आपण त्याला सांगत नाही. "त्रिकोणमिती"चं मूळ नाव, ट्रिगोनोमेट्रिया, मात्र १५९५ साली पिटिस्कसने आपल्या पुस्तकाला दिलं. म्हणजे आर्यभटानंतर जवळजवळ अकराशे वर्षांनी. टॉलेमीच्या दुसऱ्या शतकातल्या ग्रंथातही सारणी आहे ती वर्तुळाच्या जीवांची. आकाशातले ग्रह मोजणाऱ्यांना वर्तुळ हवं होतं, त्रिकोण त्यातून निघाला.

आता नेहमीचे आक्षेप.

पहिला आक्षेप: वर्तुळ आणि निर्देशक मुलांना जड जातात. अहो, २०१७ साली निघालेलं आपल्या बोर्डाचं नववीचं गणित भाग २ उघडा. सहावं प्रकरण वर्तुळ, सातवं निर्देशक भूमिती, आठवं त्रिकोणमिती! तिघं शेजारी शेजारी राहतात आणि एकमेकांकडे साधी साखर मागायला जात नाहीत. आठव्यात पुन्हा आपला काटकोन त्रिकोण. एकक वर्तुळ भेटतं ते थेट अकरावीच्या पुस्तकात, तेही गणित घेतलं तरच. दहावीनंतर गणित सोडणाऱ्या मुलांना ते कधी दिसतच नाही. ती मुलं जन्मभर समजतात की हा विषय म्हणजे एक तक्ता आणि एक मंत्र.

दुसरा आक्षेप: परीक्षेत उंची आणि अंतराची उदाहरणं येतात, तिथे त्रिकोणच लागतो. लागतो ना! मुंगीपासून खाली लंब टाका, तिला मध्याशी जोडा, झाला काटकोन त्रिकोण. कर्ण १. तुमच्या उदाहरणातला कर्ण २० मीटर असेल तर सगळं वीसपट करा. समरूप त्रिकोणांमुळे गुणोत्तर बदलत नाही, हे मुलांना कळायलाच हवं, आणि ते इथे सहज कळतं. माझं भांडण त्रिकोणाशी नाही, त्याला पहिल्या पाटावर बसवण्याशी आहे.

तिसरा आक्षेप, आणि खरा: वेळ नाही, कोर्स संपवायचाय. चौतीस वर्षं शिकवलंय, त्यामुळे हे दुखणं मला ठाऊक आहे. पण मी हे नववीला मैदानावर दोन तासिकांत करून घेत असे. साहित्य: एक खुंटी, एक मीटर दोरी, फक्की, मोठा कोनमापक आणि टेप. फक्कीने वर्तुळ आखायचं, मध्यातून आडवी रेघ मारायची. एकेकाने परिघावर उभं राहायचं आणि दुसऱ्याने रेघेपर्यंतचं अंतर मोजायचं. ३० अंशांना ५० सेंटिमीटर, ४५ ला साधारण ७१, ६० ला ८७ च्या आसपास, ९० ला १००. तक्ता मुलांनीच तयार केला. मग तीच एक मीटरची दोरी परिघावर वाकवून लावायची. ५७ अंशांहून किंचित जास्त कोन होतो, तो एक रेडियन. पूर्ण परिघाला सहा दोऱ्या लागून २८ सेंटिमीटर उरतात. दोन पाय म्हणजे ६.२८, हे त्या दिवशी पायांना कळायचं! :)

टॅनसाठी उजव्या टोकाला वर्तुळाला स्पर्श करणारी सरळ रेघ आखायची आणि मध्यापासूनची दोरी तिला भेटेपर्यंत लांबवायची. रेघेवर जितकं वर जाऊन भेट होते तो टॅन. ४५ ला एक मीटर, ८० ला साडेपाच मीटरच्या थोडं पुढे, ८५ ला अकरा मीटरच्या पुढे. ८९ ला ५७ मीटर, म्हणजे आमचं मैदान संपायचं. आणि ९० ला दोरी रेघेला समांतर, भेट कधीच नाही. टॅन ९० का नसतो हे त्यानंतर कुणाला पाठ करावं लागलं नाही. एकदा तपासणीला आलेले एक साहेब हे बघून म्हणाले, "बाई, खेळाचा तास आहे का?" मी म्हटलं, "नाही साहेब, आर्यभटाचा." त्यांनी शेरा लिहिला तो लिहिलाच. असो.

या वर्तुळातून आणखी एक गोष्ट कळते, जी तक्ता कधीच सांगत नाही. पहिल्या ३० अंशांत उंची ५० सेंटिमीटर वाढते, पुढच्या ३० त सुमारे ३७, आणि शेवटच्या ३० त जेमतेम १३. जत्रेतल्या उभ्या पाळण्यात बसलेल्या कुणालाही विचारा. आसाच्या पातळीवरून वर जाताना पोटात गोळा येतो आणि माथ्यावर क्षणभर थांबल्यासारखं वाटतं. आर्यभटाने नेमकं हेच लिहून ठेवलं. परिघ २१६०० कला, त्यामुळे त्रिज्या ३४३८ कला. पावणेचार-पावणेचार अंशांनी चढत त्याने फक्त वाढ दिली: २२५, २२४, २२२, २१९... आणि शेवटी ३७, २२, ७. असे चोवीस आकडे, एका श्लोकात. पहिले आठ आकडे मिळवून बघा (२२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५, १९९). १७१९ येतात, म्हणजे ३४३८ च्या बरोबर निम्मे. ३० अंशांचा साइन अर्धा! आठ आकड्यांची बेरीज कुठल्याही पाचवीतल्या पोराला येते.

घरातल्या दिव्यात येणारी वीजही अशीच वरखाली होते, सेकंदाला पन्नास वेळा. म्हणजे मुंगीने सेकंदाला पन्नास फेऱ्या मारायच्या. आवाज, लाटा, भरती-ओहोटी, सगळीकडे हीच मुंगी आहे. जे पुन्हा पुन्हा येतं त्याचं हे गणित. ते तीन कोपऱ्यांच्या, न हलणाऱ्या आकृतीत कोंबायचं आणि वर मुलांना म्हणायचं की तुम्हाला समजत नाही! मुलं मठ्ठ नसतात हो. ती प्रामाणिक असतात. न पटलेलं त्यांच्या डोक्यात राहत नाही, इतकंच.

बोर्ड माझा ब्लॉग वाचत नाही, हे मला माहीत आहे. पण तुम्ही वाचता, आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी नववी-दहावीतली मुलं आहेत. क्लासच्या फीबद्दल मी काही बोलत नाही. एक कागद, एक कंपास आणि रविवारचा अर्धा तास, एवढंच मागते. सहा पाकळ्यांचं फूल काढा आणि त्यातला अर्धा मुलांना शोधू द्या. सापडला की कळवा. नाही सापडला तरी कळवा. सूनबाई ताटं उचलून झाली की मी मोकळीच असते.