आयडिया युनिक नाही? मग काय झालं!

ट्रेनिंगमध्ये एक वाक्य मला हमखास ऐकू येतं. "सर, माझी आयडिया युनिक नाहीये, म्हणून थांबलोय." या वाक्यापायी कितीतरी चांगली दुकानं उघडलीच नाहीत. आज त्यावरच बोलू, पण उदाहरण धंद्यातलं नाही, मेटल संगीतातलं आहे. गिटारचा गोंगाट आवडत नसेल तरी वाचा.

मेटॅलिका हा अमेरिकन बँड. त्यांचा ड्रमर लार्स उलरिक 1981 मध्ये, 17 वर्षांचा असताना इंग्लंडला गेला. कशासाठी? डायमंड हेड हा त्याचा आवडता बँड ऐकायला. नुसता ऐकून परतला नाही, त्यांच्याच घरी राहिला, त्यांचं काम जवळून बघितलं. त्याच वर्षी त्याने मेटॅलिका सुरू केला. सुरुवातीच्या कार्यक्रमांत बरीचशी गाणी डायमंड हेडचीच असायची. म्हणजे बघा, माल दुसऱ्याचा, दुकान यांचं!

पण ते तिथेच थांबले नाहीत. 1984 मध्ये त्यांचा दुसरा अल्बम आला, 'राइड द लाइटनिंग'. थ्रॅश मेटल म्हणजे तुफान वेगाने वाजवलेलं मेटल. पण या अल्बमची सुरुवात होते शांत अकूस्टिक गिटारने, आणि मग वेग येतो. बेस वाजवणारा क्लिफ बर्टन संगीताचं शिक्षण घेतलेला होता, बाखचा चाहता होता. सुरांची जुळणी कशी करायची हे तो बाकीच्यांना समजावून सांगायचा. 'फेड टू ब्लॅक' हे संथ गाणं ऐकून काही जुने चाहते चिडलेसुद्धा. तरी बँडने ते ठेवलं. वेग होताच, त्यात सुरावट मिसळली आणि त्यांची स्वतःची ओळख तयार झाली.

माझं स्पष्ट मत सांगतो. उसनं घेण्यात लाज नाही. उसन्यात स्वतःची भर न घालण्यात तोटा आहे.

मी स्वतः हा तोटा सोसलाय. पहिलं दुकान टाकलं तेव्हा शेजारच्या दुकानाचे भाव, मांडणी, ऑफर, सगळं जसंच्या तसं उतरवलं. एका गिऱ्हाईकाने सरळ विचारलं, "मग मी तिकडेच का जाऊ नये?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. लार्स डायमंड हेडकडे शिकायला गेला होता. मी शेजाऱ्याकडे फक्त डोकावून बघितलं होतं.

आणि एक गोष्ट. ज्याच्याकडून शिकलात त्याचं नाव घ्या. मेटॅलिकाने 1998 च्या 'गॅरेज इंक.' या अल्बममध्ये डायमंड हेडची गाणी त्यांच्या नावानिशी पुन्हा आणली. गाणं लिहिणाऱ्याला त्याची रॉयल्टी मिळते. गुरूचं नाव घेतल्याने मेटॅलिका काही लहान झाला नाही.

आता वही काढा. ज्यांच्याकडून शिकायचंय अशा तीन दुकानांची नावं लिहा. प्रत्येकापुढे लिहा, काय घेणार. मग शेवटी एकच ओळ: यात माझी भर काय?

ती ओळ कोरी राहिली तर अजून शटर उघडू नका. भरली, तर युनिक आयडियाची वाट बघत बसू नका.