सुटलेली विडी पुन्हा ओठी

श्रावण सरला, चतुर्थीचा गणपती पाण्यात गेला, की गोमंतकातील हिंदू घरांत मासळी परत येते आणि त्यात कोणास काही वावगे वाटत नाही. व्रतास मुदत होती, ती संपली. दुर्दैव असे की विडी-सिगारेटही पुष्कळ जण याच हिशेबाने सोडतात. आमोण्याच्या बेताळापुढे गाऱ्हाणे घालून महिनाभर कडकडीत पाळावे, आणि दशावतारी नाटकाच्या मध्यरात्री कुणा स्नेह्याने 'एकीने काय होते?' म्हणत पाकीट पुढे करावे!

एकीने काय होते? झुरका घेतल्यापासून काही सेकंदांतच निकोटीन मेंदूपर्यंत पोचते. तलफेचा जोर पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो, तीन-चार आठवड्यांत तो बराच ओसरतो. परंतु चहा, रिकामी दुपार, मनस्ताप यांच्याशी जडलेली तिची सांगड महिनोन् महिने सुटत नाही. मुदतीचे व्रत येथे पुरे पडत नाही ते यामुळेच. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. डिचोलीच्या टापूत ट्रक दारांत उभे राहिले, मांडवीतल्या बार्जी रिकाम्या झाल्या. हाताला काम नसलेल्या माणसास सोडलेली विडी आठवली तर नवल कसले? हे समर्थन नव्हे; कारण तेवढे सांगितले.

मनोनिग्रहाच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी सिग्मंड फ्रॉइडचे चरित्र पाहावे. जगाची मने उलगडणाऱ्या या पंडिताने १८९४ साली हृदयाच्या त्रासामुळे सिगार सोडली आणि पुन्हा धरली. १९२३ साली तोंडाचा कर्करोग निघाला, शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या, तरी ती सुटली नाही.

आमची तक्रार आहे ती ओढणाऱ्यापेक्षा त्याच्या भोवतालच्या मंडळींशी. सोडणाऱ्यास आग्रह करायचा आणि त्याने ओढली की 'काय झाले तुमच्या शपथेचे?' म्हणून हसायचे! शपथ मोडली ती मोडलीच, असे मानून तो बिचारा लाजेपोटी घरच्यांपासून लपून पूर्वीइतक्याच ओढू लागतो. वस्तुतः अनेकांची सुटका दोन-चार प्रयत्न फसल्यानंतरच होते. रात्री एक ओढली म्हणून सकाळी दुसरी ओढलीच पाहिजे असे कोणत्याही देवाने सांगितलेले नाही. गाऱ्हाणे पुन्हा घालता येते.

आणि डॉक्टरांकडेही पुन्हा जाता येते. मित्र ज्या पाकिटातून एक काढून देतो, त्याच पाकिटावर २०१८ पासून १८००-११-२३५६ हा व्यसनमुक्तीच्या सल्ल्याचा निःशुल्क क्रमांक छापलेला असतो. पाकीट पुढे करणाऱ्याने निदान तेवढी बाजू वर धरावी.