नुसत्या बोलण्याने जीव वाचतो का?

‘एनसीआरबी’च्या २०२२च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, सर्व राज्यांत सर्वाधिक. असे आकडे छापून आले की समुपदेशन केंद्रांची मागणी होते आणि लगेच कुणीतरी विचारतो, ‘नुसतं बोलून काय होणार?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तरही बऱ्यापैकी उपलब्ध आहे.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील ग्रेगरी ब्राऊन, अ‍ॅरन बेक आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आत्महत्येचा प्रयत्न करून रुग्णालयात आलेल्या १२० जणांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत बोधात्मक उपचाराच्या दहा बैठका दिल्या. दीड वर्षात नेहमीच्या उपचारांच्या गटात सुमारे ४२ टक्के लोकांनी पुन्हा प्रयत्न केला, तर बैठका मिळालेल्यांत २४ टक्के लोकांनी. मला यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. मरणाचे विचार येण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. विचार येत राहिले, पण त्या क्षणी काय करायचे याची तयारी झाली होती. ‘छान छान विचार करा’ हा सल्ला आणि हा उपचार यांत म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मर्यादाही सांगायला हवी. यातले बहुतेक अभ्यास पुन्हा झालेले प्रयत्न मोजतात, मृत्यू नव्हे. मृत्यू संख्येने कमी असल्याने त्यातला फरक दाखवायला हजारो रुग्ण लागतात. तसा एक अभ्यास जागतिक आरोग्य संघटनेने केला आणि त्यातले एक केंद्र आपल्या चेन्नईत होते. पाच देशांतले १,८६७ रुग्ण. एका गटाला घरी जाण्यापूर्वी तासभराचा संवाद आणि पुढच्या दीड वर्षात फोनवर किंवा घरी जाऊन नऊ वेळा विचारपूस, एवढेच मिळाले. त्या गटात आत्महत्येने मृत्यू ०.२ टक्के, दुसऱ्या गटात २.२ टक्के. हे काम करायला मानसोपचारतज्ज्ञच लागतो असेही नाही. प्रशिक्षित परिचारिका ते करू शकते.

आपल्याकडे मात्र काय होते? विष घेतलेला रुग्ण मेडिसिनच्या वॉर्डात येतो, सलाइन लागते, एमएलसी होते. जीव वाचला की नातेवाइकांना घरी जायची घाई. कार्डावर ‘मानसोपचार ओपीडीला दाखवावे’ असा शेरा पडतो आणि त्या ओपीडीत निम्मे रुग्णसुद्धा पोहोचले तर नशीब. पोलिसांची भीती हे त्याचे एक कारण. वास्तविक २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले आहे आणि आत्महत्येच्या प्रयत्नाला सरसकट गुन्हा ठरवणारे जुने कलम ३०९ १ जुलै २०२४ला लागू झालेल्या न्याय संहितेत नाही. हे वॉर्डातच सांगितले पाहिजे.

घरच्यांनी करण्यासारखेही बरेच आहे. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उलट माणूस मोकळा होतो. धोक्याची चिन्हे कोणती, तेव्हा कुणाला फोन करायचा, कुठे जायचे हे रुग्णासोबत बसून कागदावर लिहून काढायचे. फवारणीचे औषध आणि घरातल्या गोळ्या त्याच्या हाताला लागणार नाहीत अशी व्यवस्था करायची. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत अशी लेखी योजना आणि त्यानंतरचे फोन यांमुळे सहा महिन्यांतले आत्मघाती वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळले.

राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणाने २०३०पर्यंत मृत्यूंत दहा टक्के घट हे उद्दिष्ट ठेवले आहे. नवी केंद्रे होतील तेव्हा होतील. आज प्रत्येक जिल्हा रुग्णालयात एक परिचारिका, एक फोन आणि घरी गेलेल्या रुग्णांची एक वही एवढी सोय झाली तरी काम सुरू होऊ शकते. तोवर टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू आहे. मराठीतही बोलता येते.