‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणजे नेमकं काय?

सप्टेंबर २०२५मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली आणि लगेच ओटीपीच्या तक्रारी आल्या. तांत्रिक अडचण असल्याचं मंत्री आदिती तटकरे यांनीही मान्य केलं. १८ नोव्हेंबरची मुदत नंतर ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. आमच्या भंडारा जिल्ह्यात हा काळ धानकापणीचा. केंद्रावर ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ ऐकून परतणाऱ्या बाईची त्या दिवसाची मजुरी बुडते.

त्या पोर्टलच्या आत काय बिघडलं, हा इथला विषय नाही. पण ‘सर्व्हर डाऊन’ या दोन शब्दांखाली किमान तीन वेगळ्या गोष्टी दडतात. हे मला सी भाषेत कमांड-लाइन क्लायंट लिहिताना, स्वतःच्या चुकीतून कळलं.

मी लिबकर्ल वापरत होतो. तिच्या फंक्शनने ० परत केलं की काम झालं, असं मी धरलं. प्रत्यक्षात ० म्हणजे फक्त निरोपांची देवाणघेवाण पूर्ण झाली. सर्व्हरने ५०० म्हणजे ‘माझ्याकडे बिघाड’ असं कळवलं, तरी लिबकर्ल मुळात ०च देते. माझा प्रोग्राम आनंदाने ‘यशस्वी’ छापत होता!

म्हणून तपासणी तीन पायऱ्यांची हवी:

१. संपर्क झाला का? लिबकर्लचा ६ म्हणजे सर्व्हरचा पत्ताच सापडला नाही, ७ म्हणजे जोडणी झाली नाही, २८ म्हणजे वेळ संपली.

२. सर्व्हरचा कोड काय? ४०० ते ४९९ असेल तर बहुधा आपल्या विनंतीत चूक; तीच पुन्हा पाठवून उपयोग नाही. अपवाद ४२९चा: जरा थांबा. ५०३ म्हणजे सेवा सध्या उपलब्ध नाही, थोड्या वेळाने प्रयत्न करा.

३. कोड २०० असला तरी आतला मजकूर काय सांगतो? तिथेही ‘अर्ज नाकारला’ असू शकतं.

सगळ्यात फसवा २८. अर्ज पाठवल्यावर वेळ संपली, तर तो पोचला की नाही हे क्लायंटला कळत नाही. डोळे झाकून परत पाठवला तर दोनदा नोंद होऊ शकते. म्हणून प्रत्येक अर्जाला आधीच एक क्रमांक द्यावा आणि सर्व्हरने तो पाहून दुसरी नोंद टाळावी.

मोबाइल ॲप असो की वेबसाइट, नियम हाच. ‘तुमचा अर्ज पोचलाय, पुन्हा येऊ नका’ किंवा ‘आधार क्रमांक चुकलाय, आत्ताच दुरुस्त करा’ एवढं स्क्रीनवर आलं, तरी कुणाची तरी एक खेप वाचते.