दुसऱ्याच्या डोळ्यांतला उजेड

दिवाळी अंकात दिव्यांची निंदा करायला बसलेला माणूस म्हणजे लग्नाच्या पंगतीत पथ्यपाण्यावर बोलणारा वैद्य! हे मला कळते. तरीही मी आज दिव्यांविरुद्धच लिहिणार आहे. पणत्यांविरुद्ध नव्हे, आकाशकंदिलांविरुद्धही नव्हे. जुन्या मोटारींच्या कपाळात हल्ली आपण मोठ्या हौसेने जे पांढरेशुभ्र एलईडी बल्ब बसवून घेतो, त्यांच्याविरुद्ध. आणि हे मी कुणा तज्ज्ञाच्या तोऱ्यात लिहीत नाही. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. धंदा म्हणाल तर शाळेत चित्रकला शिकवण्याचा आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिण्याचा. अधिकार एकच. हे पाप मी स्वतः केलेले आहे.

आमच्याकडे वडिलांनी १९९७ साली घेतलेली एक लहानशी मोटार आहे. मी राहतो कराडजवळ आणि सासुरवाडी चिपळूणला. म्हणजे मध्ये कुंभार्ली घाट आलाच. तो दिवसा पाहावा इतका सुंदर आणि रात्री उतरू नये इतका अवघड. घाटाअलीकडचा रस्ता तर विचारूच नका. दिवाळी आटोपली, उसाचा गाळप हंगाम सुरू झाला, की मागे दिवा नसलेल्या बैलगाड्या आणि दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर काळोखात असे अचानक उभे राहतात, की पोटात गोळाच यावा. माझी चाळिशी उलटलेली, गाडीची पंचविशी उलटलेली. तिचे दिवे म्हणजे दोन पिवळे कंदील. पोरे म्हणत, “बाबा, दिवे लावलेत का हो?”

तेव्हा एके दिवशी मी तालुक्याच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने एक चकचकीत खोका पुढे केला. त्यावर लिहिले होते: २५ वॅट, २०,००० ल्यूमेन. दहा मिनिटांत काम झाले. बल्बाच्या पाठीला छोटा पंखा होता, त्यामुळे मागचे रबरी टोपण बसेना. पोराने ते कात्रीने कापून टाकले. “सर, आता रात्रीचा दिवस!” तो म्हणाला, आणि खरोखरच तसे झाले. वडाची पाने मोजता येत होती. पाट्यांवरचा मजकूर तर शंभर पावलांवरूनच डोळ्यांत घुसे. शेजाऱ्यांना दाखवायला म्हणून मी त्यांना मुद्दाम एक फेरी मारून आणले. समोरून येणारे लोक वारंवार अप्पर-डिप्पर करीत. कौतुक करताहेत, असे मला वाटे! एकाने खिडकीतून शिवी हासडली, तेव्हा मात्र आपल्या समाजाच्या असंस्कृतपणाबद्दल मी घरी येऊन दहा मिनिटे व्याख्यान दिले.

नवव्या दिवशी आमच्या शाळेचे शिपाईमामा हाताला प्लास्टर घालून आले. रात्री सायकलवरून घरी जात होते, साखर कारखान्याच्या वळणावर समोरून एकदम सूर्य उगवला म्हणाले, आणि रस्त्याची कडच दिसेना. सायकल गेली चरात, मनगट मोडले. मी सहज विचारले, “किती वाजता?” ते म्हणाले, “आठाच्या सुमाराला.” त्या वळणावरून मी आठाच्या सुमाराला गेलो होतो. सायकलीचे चाक क्षणभर चमकलेले मला आठवत होते. पुढे काय झाले हे आरशात पाहण्याचे कारणच मला वाटले नव्हते. दोन तास मी गप्प राहिलो. मधल्या सुट्टीत जाऊन सांगितले. मामा माझ्याकडे पाहतच राहिले. “तुमी व्हय, सर? मला वाटलं ट्रक हुता.” पुढचे सहा आठवडे शाळेची घंटा डाव्या हाताने वाजत होती. चित्रकलेच्या वर्गात बसून मी ती ऐकत होतो.

त्यानंतर मी आमच्या गावच्या वायरमनकडे गेलो. पन्नास वर्षे मोटारींच्या तारा चिवडलेला माणूस. त्याने कपाटातून एक साधा हॅलोजन बल्ब काढून माझ्या तळहातावर ठेवला. आपल्याकडच्या पुष्कळ जुन्या गाड्यांत असतो तो, एच-४ जातीचा. त्यात दोन तारा असतात, ६० वॅटची लांबच्या प्रकाशाची आणि ५५ वॅटची डिप्परची. डिप्परच्या तारेखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी असते. वाचकहो, सारी कहाणी त्या वाटीची आहे! तिच्यामुळे तारेचा उजेड मागच्या आरशाच्या वरच्याच अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली, रस्त्यावर, वळतो. खालच्या अर्ध्या आरशाने तो वर फेकला असता, तो त्या वाटीने अडवलेला असतो. म्हणून डिप्परच्या प्रकाशाला वरून एक कड असते. कडेच्या खाली उजेड आणि वर काळोख. डाव्या अंगाला ती कड जराशी उचललेली, कारण आपण डावीकडून जातो आणि कडेने चालणारा माणूस दिसला पाहिजे. उजवीकडे ती खाली, कारण तिकडून कुणाचे तरी डोळे येत असतात.

मी वर्षानुवर्षे पोरांना सांगत आलो, की चित्र उजेडाने होत नाही, उजेड आणि सावली मिळून होते. मोटारीचा दिवा करणाऱ्याला ते माझ्याहून चांगले कळत होते. ती सावली त्याने समोरच्या माणसासाठी राखून ठेवली होती.

आता या आरशात एलईडी बसवा. आरशाचे सारे गणित एका बारीक तारेच्या जागेवरून मांडलेले. तिथे येते एक जाडसर पट्टी, दोन्ही अंगांना चकत्या चिकटवलेली. वाटीची नक्कल केलेली असते, पण केसाएवढी जागा चुकली तरी उजेड कडेवरून सांडतो. तो सांडतो कुठे? बरोबर समोरच्याच्या डोळ्यांत. आणि आपल्याला जे लख्ख दिसते, तेही पुष्कळसे फसवेच. गाडीपुढची वीस पावले पांढरीफेक होतात, बुबुळ आकसते आणि दूरचा काळोख अधिकच काळा होतो. आपण समजतो, केवढे दिसले!

त्या खोक्यावरच्या आकड्याचे मी काय केले तेही सांगतो. एक दिवस नववीचा ऑफ तास माझ्याकडे आला. फळ्यावर लिहिले: २०,००० भागिले २५. पोरांनी उत्तर दिले, वॅटला ८०० ल्यूमेन. मग विज्ञानाच्या बाईंना बोलावून विचारले, एका वॅटपासून जास्तीत जास्त किती ल्यूमेन निघू शकतात? बाई म्हणाल्या, ६८३. तोही एकाच हिरव्या रंगाचा, कणभर वीज वाया न घालवणारा, कल्पनेतला दिवा असेल तर. पांढऱ्या उजेडाला ती मर्यादा त्याहून पुष्कळच खाली. म्हणजे मी निसर्गनियम मोडणारा बल्ब विकत आणला होता! मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, “सर, तुम्हाला गंडवलं.” त्याला मी रागावलो नाही.

कुणी म्हणेल, मास्तर शोधांच्या विरुद्ध आहेत. मुळीच नाही. ज्या निळ्या एलईडीमुळे पांढरा उजेड साधला, त्याच्या शोधाबद्दल २०१४ साली आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना नोबेल मिळाले, ते योग्यच झाले. माझ्या टेबलावरचा दिवाही एलईडीच आहे. नव्या गाड्यांत कारखान्यातूनच असे दिवे येतात. तिथे आरसा, भिंग, कड सगळे त्या चकतीसाठीच घडवलेले असते. (तेही कधीकधी टोचतात, पण ते भांडण वेगळे.) जर्मनीत २०२० पासून काही एलईडी बल्बांना जुन्या दिव्यांत बसवण्याची परवानगी मिळू लागली, पण कशी? अमुक बल्ब, अमुक मोटार, अमुक दिवा, अशी तपासून केलेली यादी आहे, आणि यादीबाहेरची गाडी म्हणजे बेकायदा. आमच्याकडे यादी एकच: खिशात किती आहेत?

आमचा कायदा काही मुका नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ वा नियम उघडा. दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे, त्याला दिपवील असा दिवा चालणार नाही, असे तो म्हणतो. मला हा नियम फार आवडतो. कायद्याच्या रुक्ष पुस्तकात कुणीतरी मोजपट्टी घेऊन चक्क एका अनोळखी माणसाचा डोळा उभा केला आहे! माझ्या गाडीच्या फेरतपासणीला मात्र दिवा पेटतो की नाही, एवढेच पाहिले गेले. तो डोळा तिथे हजर नव्हता.

सर्वांत लाडका युक्तिवाद राहिलाच. “सगळेच लावतात, मग आपण न लावून कसे चालेल? समोरचा दिपवतो, त्याला उत्तर हवे ना!” वा! म्हणजे दोघांनी एकमेकांना आंधळे करायचे आणि दोघांनीही ताशी साठच्या वेगाने पुढे जायचे. या शहाणपणात सायकलवाला, पायी चाललेली कामकरी बाई, बैलगाडीवर डुलकी घेणारा गाडीवान यांनी काय करायचे? त्यांच्याकडे उत्तर द्यायला दिवाच नाही. म्हातारे डोळे तर याहून हवालदिल. मोतीबिंदू उतरू लागला की तोच झोत डोळ्यात धुक्यासारखा पसरतो.

आणि खरे सांगू? माझ्या गाडीला बल्बाचा रोगच नव्हता. वायरमनने इंजिन चालू ठेवून बल्बाच्या तोंडाशी मीटर लावला. जिथे तेरा व्होल्ट हवेत तिथे अकरा पोचत होते. पंचवीस वर्षांच्या तारा, गंजलेले अर्थिंग, आणि दिव्यांचा सगळा प्रवाह स्टिअरिंगजवळच्या खटक्यातून फिरून येणारा. दोन व्होल्टांत काय जाते, असे मला वाटले; पण तारेच्या बल्बाचा उजेड व्होल्टांच्या तिसऱ्या-चौथ्या घाताने उतरतो. रुपयातले आठ-नऊ आणेच काय ते रस्त्यावर पोचत होते! म्हणजे घरच्या विहिरीतला गाळ काढायचा सोडून मी शेजाऱ्याचा पाट फोडला होता.

वायरमनने रिले बसवला, बॅटरीपासून जाड तार थेट ओढली, अर्थिंग घासून घट्ट केले. आरसा निस्तेज झाला होता, तो बदलला. नवे हॅलोजन बल्ब घातले, साध्याच ६०/५५ चे. मग एका संध्याकाळी गाडी शाळेच्या भिंतीसमोर सपाटीवर, दहा मीटरवर उभी केली. दिव्याच्या मध्याची उंची मामांनी डाव्या हाताने भिंतीवर खडूने मारली; तिच्याखाली दहा सेंटिमीटरवर दुसरी रेघ. डिप्परची कड त्या खालच्या रेघेवर येईपर्यंत आम्ही स्क्रू पिळत होतो. एलईडीला गेले त्याहून थोडे अधिकच पैसे लागले. घाट आता दिसतो. दिवसासारखा नाही, रात्रीला दिसावा तसा दिसतो.

ते दोन बल्ब टेबलाच्या खणात पडून होते. गेल्या आठवड्यात पुतण्या आला. त्यानेही एक जुनी गाडी घेतली आहे. म्हणाला, “काका, तुम्हाला नको असतील तर मला द्या.” मी दिले नाहीत. हे सगळे त्याला सांगितले, मामांच्या मनगटासकट. त्याने शांतपणे ऐकून घेतले, चहा संपवला आणि विचारले, “पण मग ते दुकान सकाळी किती वाजता उघडतं?”