करपलेला फ्लास्क आणि सभासदाचा ऊस



गळीत हंगाम सुरू झाला की आपले सारे लक्ष गव्हाणीकडे आणि वजनकाट्याकडे. टोळी कधी येणार, गाडी कधी खाली होणार, पहिली उचल किती, याच गोष्टी पारावर चालतात. प्रयोगशाळेकडे मात्र कोणी फिरकत नाही. "ते केमिस्ट लोकांचे काम, आपल्याला काय समजते त्यातले?" असे म्हणून आपण मोकळे होतो. आमचे मत वेगळे आहे. तिथल्या एका करपलेल्या फ्लास्कशी आपल्या उसाचा आणि आपल्याच पोरांच्या हातापायांचा संबंध आहे.

आधी उसाचे बोलू. रिकव्हरी निघते ती भरलेल्या पोत्यांवरून, हे खरे. पण साखर वाटेत कुठे गळाली, बगॅसमध्ये किती गेली, प्रेसमडमध्ये किती, मळीत किती, हे सांगते ती प्रयोगशाळा. रिकव्हरीचा ०.१ टक्का म्हणजे टनामागे एक किलो साखर. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के रिकव्हरीला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरवली आणि त्यावरच्या दर ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढ दिली. म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. पन्नास टन ऊस घालणाऱ्याने हिशेब मांडून पाहावा, १७३० रुपये होतात.

आता समजा, बगॅस तपासायच्या भांड्यात आदल्या धुण्याचे आम्ल राहिले. आम्लाने, त्यातही गरम केल्यावर, साखर फुटते आणि पोलरीमीटर कमी आकडा दाखवतो. कागदावर वाटते, बगॅसमध्ये साखर कमी गेली, मिल झकास चालली आहे. प्रत्यक्षात साखर बॉयलरमध्ये जळत असते! तसेच १०० मिलीच्या फ्लास्कच्या तळाशी खरपुडी बसली, तर तो फ्लास्क शंभराचा राहत नाही. भांडे घाण तर आकडा खोटा.

पण आम्ही लेखणी उचलली ती दुसऱ्या कारणाने. हंगामाच्या घाईत रस किंवा मळी उकळताना लक्ष चुकते, भांडे करपते आणि तळाला काळा थर धरतो. मग शिफ्टमधला पोरगा तारेने खरवडतो, वाळूने घासतो, नाहीतर कोणीतरी सांगते, "टाक की कडक ॲसिड, निघेल दोन मिनिटांत!" जुन्या वहिवाटीत तर पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्लाचे नारिंगी-तांबडे मिश्रण, म्हणजे क्रोमिक आम्ल, हेच रामबाण समजले जाई. ते कातडी जाळते, डोळा घालवते. शिवाय त्यातला क्रोमियम कर्करोग करणारा आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० सालीच जाहीर केले आहे. तेच पाणी मोरीतून नाल्यात गेले, तर पुढे विहिरी कोणाच्या? आपल्याच.

आपल्या यवतमाळ जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नको. २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. हातमोजा नाही, तोंडाला फडके नाही, आणि 'काही होत नाही' ही सवय. शेतात जे महाग पडले, तेच कारखान्यात पुन्हा का घडू द्यायचे?

बरे, उपाय काही अवघड नाही. आपल्या घरची बाई करपलेले पातेले विळ्याने खरवडत नाही. ती पाणी घालून भिजत ठेवते. तीच रीत इथे. भांडे आधी आपोआप निवू द्यावे, कारण तापल्या काचेवर गार पाणी पडले की ती तडकते. मग गरम पाणी घालावे. नुसती करपट तांबूस साखर असेल, तर ती पाण्यातच सुटते. काळा कोळसा मात्र पाण्यात विरघळत नाही आणि साध्या आम्लातही नाही, म्हणून आम्ल ओतून उपयोग नसतो. त्यासाठी लिटरभर गरम पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा घालून भांडे रात्रभर भिजवावे आणि सकाळी नायलॉनच्या ब्रशने घासावे. एकदा नाही निघाले तर पुन्हा भिजवावे. तरीही हटले नाही, तर केमिस्टच्या देखरेखीखाली सोड्याच्या पाण्यात तीन टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड घालावे. त्यातून वायू सुटतो, म्हणून बूच कधीही लावू नये.

फेलिंगच्या तपासणीनंतर बसणारा तांबडा डाग तांब्याचा असतो, त्याची गोष्ट निराळी. सोडा पूर्ण धुऊन काढल्यावर थोड्या सौम्य नायट्रिक आम्लाने तो जातो, पण ते काम जाणत्या माणसानेच करावे. ब्लीचिंग आणि आम्ल कधीही एकत्र करू नये, विषारी क्लोरीन सुटतो. राख काढायच्या सिलिकाच्या वाट्या भट्टीत लाल करता येतात. मापाचे फ्लास्क आणि पोलरीमीटरच्या नळ्या भट्टीत घालू नयेत, त्यांचे माप बिघडते. शेवटी नळाचे पाणी, मग डिस्टिल्ड पाणी. काचेवर पाणी सारखे पसरले तर भांडे स्वच्छ, थेंब थेंब तुटले तर अजून तेलकट.

आणि ज्याला ओरखडा पडला, तडा गेला, ते भांडे टाकून द्यावे. इथेच खरी मेख आहे. "भांडे फुटले तर पगारातून कापू" अशी धास्ती असली की पोरगा तडकलेला फ्लास्कही तारेने खरवडत बसतो. एका फ्लास्कची किंमत माणसाच्या डोळ्याहून जास्त नाही.

म्हणून संचालक मंडळाला आमची विनंती आहे. हंगामाआधी प्रयोगशाळेत रबरी हातमोजे, चष्मे आणि डोळे धुण्याची सोय करावी. जुने डायक्रोमेट असेल तर ते मोरीत न ओतता रीतसर विल्हेवाटीला द्यावे. आणि खराब झालेले भांडे बदलण्याचा अधिकार शिफ्ट केमिस्टला द्यावा. सभासदांनीही वार्षिक सभेत उचलीबरोबर एवढे विचारावे, "प्रयोगशाळेतल्या पोरांच्या हातात मोजे आहेत का?" हा प्रश्न विचारायला रसायनशास्त्र यावे लागत नाही. तो पोरगा बहुधा आपल्याच गावचा असतो.