विषाणूंची देवाणघेवाण आणि कापसाचे वाण

मे २०२० मध्ये, टाळेबंदी चालू असतानाच, पुणे, सातारा आणि नगर भागातील टोमॅटोच्या शेतांत एक विचित्र प्रकार दिसू लागला. फळे एकसारखी लाल न होता त्यांच्यावर पिवळे-हिरवे चट्टे राहू लागले. शेतकऱ्यांनी या रोगाचे 'तिरंगा' असे बारसे करून टाकले. बंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेच्या तपासणीत 'कुकुंबर मोझॅक' हा विषाणू आढळला. शहरांत मात्र चर्चा झाली ती टोमॅटो खाल्ल्याने माणसाला रोग होतो काय, याचीच. वनस्पतींचे विषाणू माणसाला रोग देत नाहीत, हे शास्त्रज्ञांना पुन्हा पुन्हा सांगावे लागले. या गदारोळात जो प्रश्न विचारायला हवा होता तो मागेच राहिला. पिकांवरील विषाणूंची नवी रूपे येतात कोठून, आणि रोगप्रतिकारक म्हणून विकत घेतलेले बियाणे काही वर्षांत निष्प्रभ का ठरते?

या प्रश्नाचे बरेचसे उत्तर विषाणूंमधील जनुकीय देवाणघेवाणीत आहे. जनुकांची प्रत काढताना होणाऱ्या चुकांमुळे विषाणू बदलत राहतात, हे करोनाकाळात सर्वांच्या परिचयाचे झाले. पण हा बदल एकेका अक्षराने होतो. त्याहून मोठी उडी घेण्याचा मार्ग वेगळा आहे. दोन भिन्न विषाणू एकाच झाडाच्या एकाच पेशीत शिरले की प्रत काढणारी यंत्रणा अर्ध्यावर एक मूळ सोडून दुसऱ्यावर जाऊ शकते. तयार होणाऱ्या नव्या विषाणूचे डोके एकाचे आणि धड दुसऱ्याचे असते. यालाच पुनर्संयोजन म्हणतात. कुकुंबर मोझॅकसारख्या विषाणूची जनुकसामग्री तीन सुट्या तुकड्यांत असल्याने तेथे तर पूर्ण तुकड्यांचीच अदलाबदल होऊ शकते. अशा जोडकामातून जन्मलेले बहुतेक विषाणू दुबळे निघतात आणि नष्ट होतात. परंतु एखाद्या भाजीच्या मळ्यातही झाडांची, पेशींची आणि विषाणूंची संख्या इतकी अफाट असते की एखाद्याच यशस्वी जोडणीने काम भागते.

असे काम कसे भागते, याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या शेजारी, सिंधू खोऱ्यातील कापसाच्या पट्ट्यात सापडते. मिरचीवरच्या चुरडा-मुरड्याशी साम्य असणारा, पाने आक्रसून वळवणारा 'लीफ कर्ल' रोग पाकिस्तानात मुलतानजवळ १९६७ मध्ये नोंदवला गेला होता. दोन दशके त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मात्र त्याने साथीचे रूप धारण केले. १९९१-९२ मध्ये पाकिस्तानात सुमारे १ कोटी २८ लाख गाठींचे विक्रमी पीक आले होते. दोनच वर्षांत ते ८० लाख गाठींच्या आसपास घसरले. १९९२ च्या पुराचाही त्यात वाटा होता, पण मुख्य दोष या रोगाकडेच जातो. १९९३ मध्ये तो राजस्थानातील श्रीगंगानगर भागात दिसला आणि पुढे पंजाब-हरयाणात पसरला. पांढरी माशी या विषाणूची वाहक आहे, आणि तिला पासपोर्ट लागत नाही.

या विषाणूचा पसारा पाहिला तर थक्क व्हायला होते. माणसाची जनुकसामग्री सुमारे तीनशे कोटी अक्षरांची. याची जेमतेम २,७००. त्याच्यासोबत 'बीटा सॅटेलाइट' नावाचा, त्याच्या निम्म्या आकाराचा एक सोबती रेणू असतो. स्वतःची प्रत काढण्यासाठी तो विषाणूवर अवलंबून असतो आणि मोबदल्यात झाडाची संरक्षणव्यवस्था मोडून काढतो. या जोडगोळीचे स्वरूप विसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत उलगडले. सोबतीही एका विषाणूला सोडून दुसऱ्याशी घरोबा करू शकत असल्याने देवाणघेवाणीला आणखी एक वाट मिळते.

पाकिस्तानी पैदासकारांनी नव्वदच्या दशकात प्रतिकारक वाण आणले. त्यांच्या प्रतिकारशक्तीचा एक प्रमुख स्रोत होता 'एलआरए ५१६६', म्हणजे कोइमतूरला तयार झालेला भारतीय वाण. उत्पादन सावरले आणि प्रश्न सुटला असे वाटू लागले. २००१ मध्ये वेहारी जिल्ह्यातील बुरेवाला येथे हे प्रतिकारक वाणही आक्रसू लागले. विषाणूची जनुकसामग्री वाचली तेव्हा दिसले की हा मुलतान आणि कोखरान या दोन आधीच्या विषाणूंच्या संयोगातून तयार झालेला विषाणू आहे. त्याच्या सोबती रेणूतही टोमॅटोवरील रोगाच्या सोबत्याचा तुकडा घुसलेला होता. सी-२ या जनुकाचा मोठा भाग तर त्याने चक्क गमावला होता. प्रतिकारक झाड याच जनुकाच्या खुणेवरून विषाणूला ओळखत असावे, असा संशोधकांचा तर्क आहे. खूणच पुसली गेल्यावर ओळखायचे कशावरून? काही वर्षांत हा बुरेवाला प्रकार भारतातील उत्तरेच्या पट्ट्यातही आढळला.

गोष्ट येथे संपत नाही. २०१० नंतरच्या दशकात दोन्ही देशांत मुलतान विषाणूची नव्याने घडलेली रूपे पुन्हा वर आली. जुन्या प्रतिकारक वाणांचा पेरा घटल्याने सी-२ गमावण्याचा फायदा उरला नाही, हे त्यामागचे एक संभाव्य कारण. म्हणजे शेतात कोणते वाण किती पेरले जाते, यावरही विषाणूच्या उत्क्रांतीची दिशा ठरते. बियाणे धोरण ठरवणाऱ्यांच्या टिपणांत ही बाब क्वचितच आढळते. उत्तर भारतात २००५ पासून बीटी संकरित वाणांना परवानगी मिळाली. बोंडअळीच्या निकषावर उत्तीर्ण झालेले यांतील पुष्कळ वाण लीफ कर्लला सहज बळी पडणारे होते. २०१५ मध्ये पांढऱ्या माशीने पंजाबातील कापूस उद्ध्वस्त केला आणि शेतकरी रेल्वेमार्गांवर बसले. तेव्हा वाद रंगला तो मुख्यतः कीटकनाशकांच्या दर्जाचा. तो वाद आवश्यकच होता. परंतु माशी आणि विषाणू दोघांनाही आवडणारे वाण इतक्या मोठ्या क्षेत्रावर आले कसे, या प्रश्नाची तड लागली नाही.

हा केवळ कापसाचा प्रश्न आहे, असेही नाही. साबुदाणा ज्याच्या कंदापासून बनतो त्या कसावावर युगांडात ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस भीषण साथ आली. या कंदावर जगणाऱ्या लोकांची उपासमार झाली. त्यामागेही दोन आफ्रिकी विषाणूंच्या संयोगातून तयार झालेला विषाणू होता, हे १९९७ मध्ये सिद्ध झाले. मुलतान विषाणू चीनमध्ये गेला आणि २००६ मध्ये ग्वांगझू येथे आढळला तो कापसावर नव्हे, तर शोभेच्या जास्वंदीवर. रोपवाटिकांच्या व्यापारावर देखरेख का हवी, हे यावरून कळावे.

देशी कापसाला हा रोग होत नाही. स्वातंत्र्याच्या वेळी भारतातील जवळपास सर्व कापूस देशी होता. लांब धाग्याच्या मागणीमुळे अमेरिकन जातींनी त्याची जागा घेतली. गिरण्यांची गरज खोटी नव्हती, पण तिची ही किंमत कोणत्याही हिशेबात धरली गेली नाही. आता लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठात रानटी कापसाच्या जातीतून प्रतिकारशक्ती आणण्याचे काम चालते. असा वाण बाजारात येईल तेव्हा तो विषाणूच्या एकाच प्रकाराविरुद्ध तपासलेला असेल, तर बुरेवालाची पुनरावृत्ती होण्यास फार वर्षे लागणार नाहीत. प्रतिकाराचे दोन-तीन वेगळे स्रोत एकाच वाणात आणणे, दोन हंगामांच्या मध्ये बांधावर विषाणूला आसरा देणारे तण काढणे आणि दरवर्षी विषाणूंची जनुकीय पाहणी करणे, यांतले काहीही स्वस्त वा झटपट नाही. सीमेच्या अलीकडची पाहणी पलीकडच्यांना आणि तिकडची आपल्याला हंगामातच कळली पाहिजे. आज ती बहुधा शोधनिबंध छापून आल्यावर कळते.

विदर्भ-मराठवाड्यात हा रोग आजवर साथीच्या रूपाने आलेला नाही. पांढरी माशी येथे आहे, भेंडी-टोमॅटोवर याच कुळातील विषाणू आहेत, आणि लागवडीत अमेरिकन जातींचेच संकरित वाण आहेत. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे एक केंद्र हरयाणात सिरसा येथे, ऐन रोगाच्या पट्ट्यात आहे. महाराष्ट्रासाठी मंजुरी मागणाऱ्या प्रत्येक वाणाला आधी तेथील रोगट शेतात एक हंगाम काढायला लावावा. रोग येथे येण्यापूर्वी कोणते वाण त्याला बळी पडणारे आहे, हे निदान कागदावर तरी असेल.